अण्णा, तू कॉफी घेणार?

(स्टॉकहोममध्ये आपल्या मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात झालेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडी काटछाट करून.)

नमस्कार मंडळी. कार्यकारिणीने मला सांगितलं होतं, "तुमच्या संशोधनावर वीस मिनिटं बोला, पण आम्हाला कळेल असं." त्याप्रमाणे मी स्लाइड्स केल्या होत्या, रंगीत वगैरे. मंगळवारी रात्री आमच्या घरात भांडण झालं आणि त्या स्लाइड्स पेनड्राइव्हमध्येच राहिल्या.

कारण एवढंसंच होतं. माझे वडील, अण्णा, सध्या आमच्याकडे आहेत. मघाशी तुम्ही ज्यांना शाल दिलीत, ते पहिल्या रांगेतले. कराड आगारात वाहतूक नियंत्रक होते. मंगळवारी माझी दहा वर्षांची मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, "अण्णा, तू कॉफी घेणार?"

माझं डोकंच सटकलं. "मोठ्यांना अहो-जाहो करायचं, हजारदा सांगितलंय!" ती म्हणाली, "तू पण तुझ्या प्रोफेसरला दू म्हणतोस." मी म्हटलं, दू म्हणजे तू खरं, पण ते स्वीडिश, हे मराठी. त्यावर तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "बाबा, 'तुम्ही' म्हटलं की मग बोलायचं नसतं का?"

अण्णा तोवर बिस्कीट बुडवून कॉफी संपवायला लागले होते. त्यांना काही वाटलंच नव्हतं. वाटलं ते मला.

आता मी कुठे काम करतो हे तुम्हाला ठाऊक आहे. नातेवाइकांनाही ठाऊक आहे, हे दुर्दैव. कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट, म्हणजे आमची वैद्यकीय संस्था, १८१० साली तेराव्या कार्ल राजाने काढली. आदल्या वर्षीच रशियाशी युद्ध हरून फिनलंड हातचं गेलं होतं, आणि सैन्याला चांगले शल्यवैद्य हवे होते. हा इतिहास आमच्या मावशीला नको असतो. तिला एवढंच माहीत आहे की वैद्यकाचं नोबेल तिथे ठरतं. तिथल्या ५० प्राध्यापकांची सभा ऑक्टोबरच्या सुरुवातीला नाव जाहीर करते आणि संध्याकाळी कराडहून फोन येतो, "यंदाही नाही का रे?" मंगल कार्यालयातल्या वाढप्याला दर मुहूर्ताला "तुझं कधी?" विचारावं, तसं.

पीएचडीला इथे आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मी प्राध्यापकांना "रिस्पेक्टेड सर" असा मेल लिहिला. उत्तराखाली नुसतं पहिलं नाव. फीकाच्या, म्हणजे कॉफीच्या सुट्टीच्या वेळी ते आत आले की मी उभा राहायचो. चार दिवसांनी एका सहकाऱ्याने हळूच विचारलं, "तुला पाठीचा त्रास आहे का?" ते स्वतःचा कप स्वतः धुवायचे आणि मी तो हिसकावून घ्यायला बघायचो. प्रबंध तयार झाल्यावर इथल्या रिवाजाप्रमाणे मी तो खरोखरच्या खिळ्याने ठोकून लावला. तो फोटो पाहून अण्णांनी फोनवर विचारलं होतं, "सुतारकीत निघालास होय?" तुमच्यापैकी ज्यांनी इथे खिळा ठोकलाय, त्यांच्याही घरी हेच झालं असणार.

माझ्या टेबलासमोर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा एक नकाशा आहे. मज्जारज्जू आडवा कापला की मधोमध फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो. सगळं एकसारखंच करडं वाटतं. ब्रोर रेक्सेड नावाच्या माणसाने मांजराच्या मज्जारज्जूचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, पेशींचा आकार आणि दाटी बारकाईने पाहिली, आणि १९५२ साली दाखवून दिलं की त्यात थर आहेत, चिरोट्यासारखे. एकूण दहा. जगभरचे विद्यार्थी आज ते त्याच्याच नावाने पाठ करतात. मी गेली अनेक वर्षं त्यातल्या दुसऱ्या थरात बसून आहे. पायाला ठेच लागली की आपण चोळतो आणि जरा बरं वाटतं ना? स्पर्शाचा निरोप दुखण्याच्या निरोपाला तिथेच कुठेतरी अडवतो. माझं सगळं करिअर म्हणजे आईची फुंकर का लागू पडते, एवढंच.

रेक्सेडने डॉक्टरेट आमच्याच कॅरोलिन्स्कात केली, मग तो उप्सालाला प्राध्यापक झाला. पण रस्त्यावरच्या स्वीडिश माणसाला ते थर माहीत नाहीत. त्याला रेक्सेड आठवतो तो "दू"मुळे. १९६७ साली तो सरकारच्या वैद्यकीय खात्याचा महासंचालक झाला आणि रुजू होतानाच त्याने सांगून टाकलं की मी सगळ्यांना दू म्हणणार आणि मला ब्रोर म्हणा. ब्रोर म्हणजे भाऊ. दादासाहेबांनी कचेरीत येऊन "मला नुसतं भाऊ म्हणा" म्हणावं, तसं. वारं आधीपासून वाहत होतं, त्याने एकट्याने काही केलं नाही, पण बदलाला नाव त्याचं चिकटलं. काही वर्षांतच राजघराणं सोडून सगळा देश दू झाला. कण्यातले थर मोजणाऱ्याने माणसांतले थर पुसले, हे माझं वाक्य मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. ते सुरू झालं की ही चहा टाकायला उठते.

त्याआधी इथे काय होतं? समोरच्याला त्याच्या हुद्द्यानेच बोलायचं. "डॉक्टरसाहेब कॉफी घेतील का?" असं डॉक्टरसाहेबांनाच विचारायचं. हुद्दा माहीत नसेल तर फारच पंचाईत. मग कर्ताच गाळायचा: "कॉफी हवी आहे का?" हसू नका. आपण काय वेगळं करतो? मघाशी जिन्यावर मला एका नवीन जोडप्याने विचारलं, "काय, इथेच असतं का राहायला?" मीही म्हटलं, "हो, आणि तिकडे कुठे?" तू की तुम्ही हे ठरेना, म्हणून दोघांनीही क्रियापदाला पुढे केलं.

मंगळवारपासून मी स्वतःवर पाळत ठेवली. मी अण्णांशी दिवसात किती बोलतो? "झोप झाली का? गोळी घेतली का? बाहेर निघालात तर टोपी घाला." तिन्ही वाक्यं अगदी आदरार्थी. आणि ही पोरगी रोज संध्याकाळी त्यांच्याशी बदाम सात खेळते. "अण्णा, तू सत्ती दाबून ठेवलीस! तू चीटिंग करतोस!" आणि अण्णा, ज्यांच्यासमोर मी अजून पाय पसरून बसत नाही, ते तिच्याशी हातघाईवर येतात. एसटीच्या संपात महिनाभर घरी बसले होते, त्या दिवसांची गोष्ट त्यांनी तिला सांगितली. मला ती माहीतच नव्हती. बुधवारी दाराआडून ऐकलं, अण्णा तिलाच विचारत होते, "तुझा बाबा नक्की काय करतो गं?" सोळा वर्षं झाली मला इथे येऊन. मला कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही.

रागावणार नसाल तर एक बोलतो. भारतातून आलेल्या आईवडिलांना आपण पहिल्या रांगेत बसवतो. शाल, नारळ, फोटो. मग आपण सगळे मागे जाऊन घरांचे व्याजदर बोलतो आणि ते कार्यक्रम संपेपर्यंत मांडीवर नारळ घेऊन बसून राहतात. मागच्या वर्षी माझे सासरे असेच बसले होते आणि मी मागे वडापाववर होतो, तेव्हा हे मी स्वतःलाही म्हणतोय. मराठीचंही तसंच. शाळेत मातृभाषेचा तास मागायला पालिकेत पाच मुलं लागतात. आमच्या पालिकेत पाच अर्ज काही भरले नाहीत. वडापावला मात्र सव्वाशे माणसं.

मला "तुम्ही" सोडायचं नाहीये. अण्णांना तू म्हणायला माझी जीभ वळणारच नाही. मुलीने ते सोडलं तर मला वाईट वाटेल, अजूनही वाटतंय. तिला शिकवायचं म्हटलं तर उद्यापासून "अण्णा, तुम्ही सत्ती दाबलीत" म्हणायला लावू शकतो. पण त्यानंतर ते दोघं भांडतील की नाही, हे मला माहीत नाही. ती सत्ती राहील आणि "तुम्ही"ही राहील, असं कुणाच्या घरात घडलं असेल, तर मला जेवताना नक्की सांगा.

अण्णा गुरुवारी परत जातायत. आता मी खाली उतरून त्यांच्या शेजारी बसणार आहे. टोपी आणि गोळी सोडून पहिलं वाक्य काय बोलायचं, तेवढं अजून ठरलेलं नाही.