नकोशा रुग्णाच्या खाटेजवळ

(कोल्हापुरात परिचर्येच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

दरवर्षी 12 मे रोजी, परिचारिका दिनाच्या भाषणांत, करुणेचा गौरव होतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की हा जन्मजात गुण असावा. ज्याच्या अंगी आहे त्याच्या आहे, बाकीच्यांनी नुसते कौतुक करावे. मी आज करुणेविषयी बोलणार आहे ती कामाचे कौशल्य म्हणून. जो रुग्ण आपल्याला नकोसा होतो, त्याच्या खाटेजवळ दोन मिनिटे जास्त थांबण्याचे बळ तिच्यातून येते, आणि तसे थांबल्याशिवाय परिचारिकेची नजर तयार होत नाही, असे माझे मत आहे.

नकोसा रुग्ण कोण, याचा अभ्यास इंग्लंडमध्ये फेलिसिटी स्टॉकवेल यांनी केला आणि तो 1972 साली प्रसिद्ध झाला. परिचारिकांना नावाने ओळखणारे, त्यांच्याशी हसून बोलणारे रुग्ण आवडते ठरत, तर कुरकुर करणारे आणि दुखणे वाढवून सांगतात असा संशय असणारे नावडते होत, असे त्यांना आढळले. आपल्या वॉर्डात वेगळे काय घडते? सकाळच्या हँडओव्हरला रात्रपाळीची सिस्टर दमलेल्या आवाजात सांगते, “तेरा नंबर लई कटकट्या आहे, सांभाळून.” हे एक वाक्य पुढच्या पाळीच्या कानात बसते, आणि तेरा नंबरची खाट मग सगळ्यात शेवटी पाहिली जाते. सांगणारीचा हेतू वाईट नसतो, पण तोंडी दिलेला हा शिक्का केसपेपरवरच्या नोंदीपेक्षा जास्त टिकतो.

समजा, शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारा चाळिशीतला माणूस पाय मोडून दाखल झाला आहे. पहिला दिवस शांततेत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो शिव्या देतो, सलाईन उपसून टाकतो, चादरीवर मुंग्या दिसतात म्हणतो. शिव्या ऐकून मागे फिरणारीला तो बेशिस्त वाटेल. जवळ जाऊन त्याचा हात हाती घेणारीला मात्र कंप कळेल, घाम कळेल, नाडीचा वेग कळेल. रक्तातली साखर कमी झाल्यावरही माणूस असाच वागू शकतो, म्हणून ती आधी साखर तपासेल, आणि त्याच्या बायकोला सासूसमोर न विचारता व्हरांड्यात नेऊन विचारेल, “वहिनी, शेवटची कधी घेतली होती यांनी?” रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की साधारण दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो, आणि वेळेवर उपचार न झाल्यास त्यात जीवही जातो. ‘पेशंट ऐकत नाही’ या निरोपावर डॉक्टर सावकाश येतील. ‘हात थरथरतात, घाम आहे, आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नाही, दारू बंद होऊन तिसरा दिवस’ असे कळवले, तर ते धावत येतील.

दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यातले आहे. मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेले एक वृद्ध पैलवान रात्रभर ओरडत होते, जवळ येणाऱ्यावर हात उगारत होते. सकाळी त्यांचा कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी, काढला होता. वॉर्डातल्या विद्यार्थिनीने पुढे होऊन विचारले, “आबा, लघवी झाली का मघापासून?” ते उसळून म्हणाले, “त्ये तुला कशाला पायजे गं?” तिला त्या रागात लाज ऐकू आली. ज्या देहाला तालमीने आणि गावाने मान दिला, तो आता नातीच्या वयाच्या मुलीपुढे उघडा करायचा, हे त्यांना सोसत नव्हते. तिने पडदा ओढला, ब्रदरना, म्हणजे पुरुष परिचारकांना, बोलावले आणि स्वतः बाहेर थांबली. ओटीपोट टणक होते, मूत्राशय तुडुंब भरले होते. पुन्हा कॅथेटर घातल्यावर आबा झोपले. त्यानंतर कॅथेटर काढलेल्या प्रत्येक रुग्णाची पहिली लघवी किती वाजता झाली, हे ती न चुकता विचारू लागली. म्हाताऱ्या पुरुषांना तर ब्रदरमार्फत. पुस्तकातली ओळ तिने आधी वाचलेली होतीच, पण ती तिच्या हातात उतरली त्या रात्री.

सगळे कटकटे रुग्ण असे उलगडत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काही जण नुसतेच उर्मट असतात आणि बरे होऊनही तसेच घरी जातात. त्यांचा राग येणे साहजिक आहे. तो ड्युटी रूममध्ये सहकारी मैत्रिणीपाशी बोलून टाकावा आणि गरज पडल्यास ती खाट एका पाळीपुरती दुसरीकडे सोपवावी. शिवाय थांबायला वेळ लागतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. अख्खा वॉर्ड रात्री एकटीवर टाकून तिच्याकडून करुणेची अपेक्षा करणे हा अन्याय आहे.

मार खाणे तर करुणेत मुळीच बसत नाही. महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरच्या हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे, नोंदणीकृत परिचारिकाही त्याच्या संरक्षणात येतात आणि गुन्हा सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भ्रमात हात उगारणारा रुग्ण आणि शुद्धीवर असून अंगावर धावणारा नातेवाईक यांत फरक करावाच लागतो. दुसऱ्या प्रसंगात नवी मुलगी तक्रार करायला कचरते, तेव्हा तिच्याबरोबर जाऊन ती नोंदवणे हे इन्चार्ज सिस्टरचे काम आहे.