फोंड्याचे ‘पात्रांव’ आणि अपूर्णांकांचं राजकारण

नमस्कार श्रोतेहो.

पक्षांतराचा विषय निघाला की गोव्यात चहाच्या टेबलावरसुद्धा लोक अपूर्णांकात बोलतात. पंधरातले दहा, अकरातले आठ, तिघांतले दोन. ही सवय कशी लागली, ते समजायला रवी नाईक यांची कारकीर्द पुरेशी आहे. फोंड्याचे ‘पात्रांव’, म्हणजे मालक. मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष), काँग्रेस, भाजप, पुन्हा काँग्रेस, पुन्हा भाजप असा त्यांचा प्रवास. दोनदा मुख्यमंत्री, १९९८ साली उत्तर गोव्याचे खासदार, २००० साली पर्रीकरांच्या सरकारात उपमुख्यमंत्री. ऑक्टोबर २०२५ मध्ये गेले तेव्हा ते कृषिमंत्री होते. त्यांच्यावर टीका करणारे पुष्कळ. पण देशभरातले वकील त्यांचं नाव घेतात ते एका खटल्यामुळे.

डिसेंबर १९९० मध्ये सभागृह ४० चं होतं आणि मगोचे आमदार १८. दहा तारखेला मगोचे आमदार बांदेकर आणि चोपडेकर काँग्रेसवाल्यांच्या सोबतीने राजभवनावर गेले. ना राजीनामा दिला, ना पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडला. तरी १३ तारखेला सभापती सुरेंद्र सिरसाट यांनी दोघांना अपात्र ठरवलं. उत्तर द्यायला नियमाने सात दिवस मिळतात, इथे दोनच मिळाले होते. दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ही स्थगिती लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ तिच्यावरच आहे.

२५ जानेवारी १९९१ ला रवी नाईक मगोतून फुटून काँग्रेसच्या पाठिंब्याने मुख्यमंत्री झाले. त्या काळी राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, ‘फूट’ नावाची सोय होती. एक तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले की कुणीच अपात्र होत नसे. १८ चा तिसरा हिस्सा सहा. नाईकांचा दावा होता आठांचा, आणि त्यात ते दोघेही धरलेले. सभापतींनी दोघांना हिशेबातून वगळलं, फूट झालीच नाही असं ठरवलं आणि १५ फेब्रुवारीला खुद्द मुख्यमंत्र्यांना अपात्र केलं! मार्चमध्ये सिरसाटांची खुर्ची गेली. प्रभारी सभापतींनी आधीचा निर्णय फिरवला. मात्र सभापतीला स्वतःच्या निकालाचा फेरविचार करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितलं. प्रकरण परत उच्च न्यायालयात गेलं, तिथे नाईक हरले आणि त्या मे महिन्यात पायउतार झाले.

फेब्रुवारी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बांदेकर-चोपडेकर अपात्रच राहिले. ‘स्वेच्छेने पक्षाचं सदस्यत्व सोडणं’ म्हणजे फक्त राजीनामा नव्हे, वागण्यावरूनही ते ठरवता येतं, असं न्यायालय म्हणालं. उत्तराची मुदत कमी दिल्याने निर्णय रद्द होत नाही, हेही ठरलं. नाईकांच्या बाबतीत मात्र उलट. स्थगिती चालू असताना सभापतींनी त्या दोघांना मोजायलाच हवं होतं, तेव्हा नाईकांची अपात्रता रद्द. निकाल हातात आला तेव्हा खुर्ची कधीच गेली होती. एप्रिलमध्ये पुन्हा मिळाली, ती आठवडाभरही टिकली नाही.

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने फुटीची सोय काढून टाकली. मंत्रिमंडळालाही मर्यादा आली. सभागृहाच्या १५ टक्के, पण किमान १२. आपल्याकडे १५ टक्के म्हणजे सहाच, म्हणून १२ चा आकडा लागतो. खरं तर ४० जणांच्या सभागृहात १२ मंत्री हेसुद्धा थोडे नव्हेत.

आता उरली विलीनीकरणाची वाट: दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात विलीन झाले की अपात्रता नाही. मोठ्या राज्यात त्यासाठी पन्नास-साठ आमदार जमवावे लागतील. गोव्यात मार्च २०१९ मध्ये मगोचे तीनच आमदार होते, त्यातले दोघे रात्रीतून भाजपमध्ये गेले आणि कायदा पुरा झाला. त्याच जुलैत काँग्रेसच्या पंधरांतले दहा गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये अकरांतले आठ. मूळ पक्ष विलीन झाला नसताना हे कसं चालतं, असं श्रोते विचारतील. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य राजी असले की विलीनीकरण झालं असं मानायचं. म्हणजे दिल्लीतल्या पक्षाला पत्ता नसला तरी चालतं. आमच्या मते कायद्याची खरी गळती इथे आहे, कारण पक्ष जितका लहान तितकी ही अट स्वस्त.

आणि ज्याच्याजवळ संख्या नाही त्याच्यासाठी तिसरी वाट राजीनाम्याची. आमदारकी सोडायची, दुसऱ्या चिन्हावर निवडून यायचं. त्यात अपात्रतेचा प्रश्नच येत नाही, धोका फक्त मतदाराचा. काँग्रेसचे आमदार शिरोडकर आणि सोपटे २०१८ मध्ये याच वाटेने गेले आणि पोटनिवडणूक जिंकून परतले. रवी नाईकांनीही डिसेंबर २०२१ मध्ये तेच केलं. दोन महिन्यांनी मतदान झालं. फोंड्याने त्यांना निवडून दिलं, ७७ मतांनी.