पाय दिला, पण सोडलं नाही

ख्रिस्ती लोकांचा छळ म्हटलं की आपल्याला आधी हुतात्मेच आठवतात. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमधल्या नागासाकीत २६ ख्रिस्ती जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यात वसईचे गोन्सालो गार्सिया होते, १८६२ मध्ये ते संत म्हणून जाहीर झाले. त्यांच्याबद्दल आपण लहानपणापासून ऐकतोय. मला आज बोलायचंय ते त्यांच्या मागे जे जिवंत राहिले, लपून विश्वास जपत राहिले, त्या जपानी ख्रिस्ती लोकांबद्दल.

१६१४ मध्ये जपानच्या सरकारनं देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, मिशनरी हाकलले, जे लपून राहिले ते एकेक करून पकडले, आणि १६४४ मध्ये शेवटचे फादरही मारले गेले. म्हणजे मिस्सा, फादर चालवतात ती चर्चमधली मुख्य उपासना, ती नाही, पापकबुली नाही, काहीच नाही. प्रत्येक घराची नोंद बौद्ध देवळात केलेली. आणि नागासाकीत दर नव्या वर्षी येशूची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायचे आणि सांगायचे, हिच्यावर पाय दे. म्हाताऱ्यांनी, बायकांनी, लेकरांनी, सगळ्यांनी. याला फुमी-ए म्हणायचे.

बऱ्याच जणांनी पाय दिला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण प्रवचनात आपण हा भाग पटकन ओलांडतो, आपल्याला तो कमीपणाचा वाटतो. पण पाय देऊन आल्यावर ती माणसं घरात दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची. फादर नसतील तर मनापासूनचा पश्चात्तापही देव स्वीकारतो, अशी शिकवण त्यांच्याकडे हातानं उतरवलेल्या पुस्तिकेत होती, तिच्या आधारावर ते पुन्हा उभे राहायचे, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मला विचाराल तर हे रोज थोडं थोडं मरण्यासारखं आहे, आणि याला विश्वास म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि त्यांनी सगळं किती नीट लावलं होतं बघा. गावात एक जण सणांचं कॅलेंडर सांभाळायचा, कोणत्या दिवशी नाताळ, उपास कधी सुरू, ते तो सांगायचा. एक जण बाळांना बाप्तिस्मा द्यायचा. प्रार्थना तोंडपाठ, त्यातले लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द पिढ्यान् पिढ्या घासून इतके बदलले की अर्थ कळेनासा झाला, तरी म्हणत राहिले. घरात कुशीत बाळ घेतलेली कान्नोनची मूर्ती, बाहेरच्याला ती बौद्ध देवी, घरच्यांना मात्र मरियामाता.

मग १८६५. नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा इथं चर्च बांधलेलं, १७ मार्चला जवळच्या उराकामी गावचे दहा-पंधरा जण तिथं आले आणि तिथले फ्रेंच धर्मगुरू फादर पेतिजॉं प्रार्थना करत होते त्यांच्या जवळ जाऊन एक बाई हळूच म्हणाली की आमचं सगळ्यांचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि लगेच विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठाय? २२१ वर्षं फादरचं तोंड पाहिलेलं नाही, आणि पहिला प्रश्न हा!

पण बंदी उठलेली नव्हती. उघड झाल्यावर उराकामीच्या तीन हजारांहून जास्त माणसांना घरंदारं सोडायला लावून देशभर विखरून टाकलं, सहाशेहून जास्त तिकडेच मेली. १८७३ ला सुटून परत आले ते त्या हद्दपारीला 'प्रवास' म्हणायचे, बस, प्रवास. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

परतल्यावर हातात काही नव्हतं. तरी हळूहळू पैसे जमवून त्यांनी गावच्या मुखियाची जागा विकत घेतली, जिथं त्यांच्या आईबापांना दर वर्षी प्रतिमेवर पाय द्यायला लावायचे तीच जागा, आणि तिथंच आपलं चर्च बांधलं.