मांजऱ्या आणि बरणी

नमस्कार श्रोतेहो.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या अमळनेरकडच्या गावात शेजारचा नववीतला पोरगा लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी घेऊन ओट्यावर आला. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली आणि आत हात-दीड हाताचा तपकिरी साप. "मामा, हाऊ काही चावस नही," तो म्हणाला, "यानं लायसन निघस का?"

आधी मी मोबाइलच्या उजेडात साप नीट पाहून घेतला, कारण खान्देशात या रंगाचे दोन साप हमखास एकमेकांच्या नावावर खपतात. एक फुरसं, दुसरा मांजऱ्या. फुरसं जाडसर असतं, जमिनीवर वेटोळं करतं आणि खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं. त्याच्या डोक्यावर बाणासारखी खूण असते. मांजऱ्या सडपातळ, मान बारीक, डोळे मोठे आणि मांजरासारखी उभी बाहुली. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण. हा मांजऱ्या होता. पण अंधारात, कपाशीच्या बांधावर, नववीतल्या पोरानं ही पारख केली होती, आणि ती चुकली असती तर आम्ही ओट्यावर बोलत बसलो नसतो, जिल्हा रुग्णालयाच्या वाटेवर असतो.

मांजऱ्याला आपण सौम्य विषारी म्हणतो. हरणटोळही त्यातलाच. या सापांचे विषाचे दात पुढे नसतात, जबड्याच्या मागच्या बाजूला असतात. पाल, सरडा तोंडात घट्ट धरून चावत राहिल्यावर विष आत उतरतं. भिंतीवरच्या पालीसाठी ते सौम्य नाही. माणसाला बहुधा थोडी सूज, थोडी आग, एवढ्यावर निभावतं. म्हणूनच हे साप पाळायची हौस वाटते.

पण 'मागचे दात' ऐकून निर्धास्त होऊ नका. 1957 साली शिकागोत कार्ल श्मिट या नामवंत सर्पतज्ज्ञाला आफ्रिकेतल्या बूमस्लँग सापाच्या लहान पिल्लानं अंगठ्याला चावा घेतला. त्याचेही दात मागचेच. श्मिट आपली लक्षणं वहीत टिपत राहिले आणि दुसऱ्या दिवशी गेले. 1975 साली जर्मनीतले रॉबर्ट मेर्टन्स घरी पाळलेल्या, तशाच मागच्या दातांच्या सापाच्या दंशानं दगावले. या दोघांनी आयुष्य सापांच्या अभ्यासात घालवलं होतं. आपल्या दवाखान्यात मिळणारी, दंशानंतर द्यायची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आहे. बाहेरून आणलेल्या सापाच्या विषावर ती चालेल असं गृहीत धरता येत नाही.

आता लायसनचं. पोरानं व्हिडिओत पाहिलं होतं की परदेशात लोक परवाना काढून साप ठेवतात. खरं आहे ते. ब्रिटनमध्ये 1976 पासून धोकादायक वन्य प्राण्यांचा कायदा आहे. यादीतला प्राणी ठेवायचा तर स्थानिक कौन्सिलचा परवाना, पशुवैद्याकडून जागेची तपासणी आणि विमा, हे सगळं लागतं. वर वळलेल्या नाकाचा अमेरिकन हॉगनोज साप सौम्य विषारी असूनही त्या यादीत नाही. आपल्या मांजऱ्याच्या कुळातला, खारफुटीत राहणारा काळा-पिवळा साप आधी यादीत होता, 2007 मध्ये तो काढला. पण हा हिशेब त्यांच्या देशातला, आणि बव्हंशी बाहेरून आणलेल्या सापांचा.

आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. शिवारातला साप धरून हौसेखातर घरात ठेवण्याचा परवाना त्यात नाही. नुसता पकडणं हीसुद्धा या कायद्यात शिकारच. शिक्षण, संशोधन किंवा औषधासाठी विष काढणं अशा कामांना परवानगी मिळते, पण ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडून, आणि त्या कामापुरतीच. 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि आपली साधी बिनविषारी धामणसुद्धा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. तिथल्या गुन्ह्याला किमान तीन वर्षं कैद आणि पंचवीस हजारांपासून पुढे दंड. धामण पिशवीत घालून गावभर मिरवणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. परदेशी प्राण्यांचं वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार परिवेश या सरकारी पोर्टलवर करावी लागते, आणि प्राणी बाहेरून आणायचा तर आयातीचा परवाना वेगळा. दुकानदार म्हणाला 'कागद नंतर देतो', की तिथून निघावं.

हे सगळं मी पोराला सांगितलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की कलमांनी त्याचं समाधान झालेलं नाही. मग मी त्याला माझी गोष्ट सांगितली. सहावीत असताना मीही मांजऱ्या धरला होता. शाळेतल्या काचेच्या बरणीत अकरा दिवस ठेवला. पाली टाकल्या, त्याने शिवल्या नाहीत. बेडकाचं पिल्लू टाकलं, तेच आत मेलं. हा साप रात्रीचा, झाडाझुडपांवर फिरणारा. दिवसा उघड्या काचेत, चाळीस पोरांच्या टकटकीत तो काय खाणार? बाराव्या दिवशी सकाळी तो बरणीच्या तळाशी ताठ पडलेला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चाल मामा, सोडी दिऊ."

जिथं सापडला त्याच बांधावर आम्ही गेलो. बरणी आडवी ठेवली, झाकण लांब काठीनं सरकवलं आणि मागे सरलो. क्षणभर तो हलला नाही. मग मान उचलून बोरीच्या झुडपात शिरला, एकाही पानाचा आवाज न करता. येताना पोराकडून कबूल करून घेतलं की पुन्हा साप दिसला तर हात लावायचा नाही, वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन करायचा, आणि कुणाला चावलाच तर जात ओळखत न बसता 108 ला.

आता तो रात्री आमच्या ओट्यावर येऊन बसतो. दिव्याखाली किडे जमतात, किड्यांवर पाली येतात. परवा रात्री पालींच्या मागोमाग पत्र्याच्या कडेनं मांजऱ्या आला. पोरानं माझा हात घट्ट धरला, वहीत वेळ लिहिली आणि जागेवरून हलला नाही.