टेकडीवरची पायवाट आणि तिचा उंबरठा

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

या सभागृहातील बहुतेकांनी आज पहाटे कोणती ना कोणती टेकडी चढलेली असणार. त्यामुळे पुण्यातली वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे आणि तिचा मोठा भाग वनविभागाच्या ताब्यात आहे, हे मी नव्याने सांगत नाही. माझे म्हणणे असे आहे की, जंगलातील पायवाट माणसांसाठी आखण्याआधी पाण्यासाठी आखली पाहिजे, आणि ती टिकणार की नाही हे तिच्या सुरुवातीच्या जागी, म्हणजे तिच्या उंबरठ्यावरच ठरते.

हे मला एका वाटेने शिकवले. लहानपणापासून मी ज्या वाटेने चढत आलो, तिच्या कडेला एक गणेर होता. फाल्गुनात सारी पाने झडलेल्या त्या झाडावर पिवळीधमक फुले येत आणि चालणारा प्रत्येक जण तिथे क्षणभर थांबत असे. खाली अडवणारे काही नसल्यामुळे एका वर्षी त्या वाटेवर मोटारसायकली येऊ लागल्या. चाकांनी पाडलेली चाकोरी बोटभर खोल होती, परंतु ती सरळ उताराच्या दिशेने होती, आणि पावसाचे पाणी अशी आयती चाकोरी सोडत नाही. आपल्याकडे कातळावर मातीचा थर मुळातच पातळ. तीन पावसाळ्यांत तिथे गुडघाभर ओघळ झाली. लोक ओघळ टाळून कडेच्या गवतातून चालू लागले, त्यामुळे वाट रुंदावत गेली आणि गवताने धरून ठेवलेली मातीही सुटली. पुढे एका कार्यालयाने तिथे सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या. पाणी पायऱ्यांच्या बाजूने वाहू लागले, त्यांच्या खालची माती गेली, गणेराची मुळे उघडी पडली आणि एका श्रावणात तो आडवा झाला. त्या ओंडक्याजवळ मी बराच वेळ उभा होतो. त्या कामावर पैसा खर्च झाला होता, कदाचित सद्भावनाही होती. पाणी कुठून येते, हे मात्र कोणी पाहिले नव्हते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आखणीचे आता थोडक्यात सांगतो. डोंगराला जेवढा उतार असेल, त्याच्या निम्म्याहून अधिक चढ वाटेला देऊ नये, आणि सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहा फूट चालल्यावर एक फूट, एवढाच ठेवावा. वाट डोंगराला वळसा घालत जावी, तिचा पृष्ठभाग उताराच्या बाजूला किंचित कलता असावा, आणि चढत्या वाटेला मधूनमधून थोडा उतार द्यावा, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता तिथल्या तिथे बाहेर पडते. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, म्हणून मोकळा माळ टाळून कडेने जावे. सिमेंट नको, स्थानिक दगड आणि मुरूम पुरेसा आहे.

उंबरठ्यावर नागमोडी फाटक हवे, ज्यातून माणूस जाईल पण मोटारसायकल जाणार नाही. तेच फाटक चाकाच्या खुर्चीलाही अडवते, म्हणून शेजारी दुसरे रुंद फाटक आणि त्याची किल्ली सांभाळणारा रखवालदार हवा. वाहनतळ जंगलाच्या हद्दीबाहेर असावा, आणि शक्य तिथे उंबरठा बसथांब्याजवळच असावा. वनजमिनीच्या वनेतर वापराला १९८० च्या कायद्यानुसार केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. म्हणून आपली मागणी रस्त्याची नसून पायवाटेची आहे, हे वनविभागाला दिलेल्या पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहावे.

नकाशा इथे टेबलावर ठेवला आहे. पहिला जोराचा पाऊस पडेल त्या दिवशी ज्यांना जमेल त्यांनी छत्री घेऊन माझ्याबरोबर वर यावे. पाणी वाहत असतानाच झाडांना फिती बांधून आखणीच्या खुणा करू.