कलम २८, यरीहोचा रस्ता आणि शनिवार तेली

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात सहावी ते आठवीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते, आणि रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये त्याच वयाच्या पोरांचा धर्मशिक्षणाचा क्लास घेते. म्हणजे आठवडाभर चौथाई-सरदेशमुखी आणि रविवारी येशूचे दाखले, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथा. लोक विचारतात बाई तुम्हाला ही दोन टोकं जमतात कशी, अहो न जमायला काय झालं, उलट वेगवेगळी शिकवली की दोन्ही फिकी पडतात असं माझं मत आहे.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. संविधानाचं कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत दिलं तरी कोणाला सक्ती नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती हवी. म्हणून तर मिशनरी शाळांमध्ये एकाच पिरियडला कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीची मॉरल सायन्सला. बॅग उचलून शेजारच्या वर्गात जाणारा पोरगा कलम २८ जगतोच आहे, त्याला ते पाठ करायला कशाला लावायचं.

आता दयाळू शोमरोनीचा दाखला घ्या. पोरांना गोष्ट बालवाडीपासून तोंडपाठ, यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या एकाला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलं, याजक बाजूने गेला, लेवी म्हणजे देवळाचा सेवक, तोही बाजूने गेला, शोमरोनी थांबला. जांभया सुरू. मग मी फळ्यावर नकाशा लावते. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर वर, यरीहो जवळपास २५० मीटर खाली, आणि मधे पंचवीस-तीस किलोमीटरचा ओसाड डोंगराळ रस्ता. मागच्या बाकावरून लगेच, "टीचर, हा तर कसारा घाटापेक्षा डेंजर!" झालं, झोप उडाली. मग शोमरोनी कोण ते सांगायचं, की यहुदी, म्हणजे ज्यू, आणि त्यांचं पिढ्यानपिढ्या पटत नव्हतं, देवळाचा डोंगरसुद्धा वेगळा, शोमरोन्यांचा गरिज्जीम, त्यामुळे ऐकणाऱ्यांना गोष्टीतला चांगला माणूस नेमका कोण आहे हे कळल्यावर झोंबलंच असणार. शोमरोन्याने जखमीच्या देखभालीसाठी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, एक दिनार म्हणजे साधारण मजुराची दिवसाची मजुरी, तर आजच्या हिशोबाने किती होतील ते घरी विचारून या, हा होमवर्क.

आणि मग एक मुलगी म्हणते, पण टीचर, पप्पा म्हणतात घोडबंदर रोडला कोण पडलेलं दिसलं तरी थांबायचं नाही, पोलिसांची झंझट मागे लागते. बघा, इथे नागरिकशास्त्र आपल्या पायाने चालत वर्गात आलं. तर मंडळी तुम्हीही ऐका, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांसाठीच्या नियमांवर शिक्का मारला आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, चांगल्या हेतूने जखमीला मदत केली तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव, पत्ता, फोन नंबर द्यायची जबरदस्तीही कोणी करू शकत नाही. कायद्यातसुद्धा अशा माणसाला गुड समॅरिटनच म्हटलंय, म्हणजे आपला शोमरोनीच! हे वहीत लिहून पप्पांची सही घेऊन यायला सांगितलं.

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आला की एकजण तरी बोलतोच, "येशूला ज्यू लोकांनी मारलं." मी शांतपणे विचारते येशू कोण होता, मरिया कोण, पेत्र कोण. सगळे यहुदीच की. क्रूस ही रोमन शिक्षा आणि हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा. त्यावेळच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्यांवर हा दोष ठेवता येणार नाही असं व्हॅटिकनच्या परिषदेने १९६५ मध्येच स्पष्ट केलंय, आमच्या काही आज्या-मावश्यांपर्यंत ते अजून पोचायचंय एवढंच. शिवाय पोरांना वाटतं ज्यू फक्त बायबलमध्ये असतात, आणि इकडे आपल्या ठाण्यात १८७९ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं आहे! मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून गावकऱ्यांनी नाव पाडलं शनिवार तेली. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळायची आज्ञा कितीही वेळा घोकून घ्या, पोरांच्या डोक्यात बसतो तो तो बंद घाणा.

सगळ्यात अवघड तास पोर्तुगीजांचा. शाळेत चिमाजी अप्पा शिकवायचे, १७३७ ला ठाणं घेतलं आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई, वर्गात टाळ्या. रविवारी तीच पोरं हळूच विचारतात, टीचर, आपल्या धर्माच्या पोर्तुगीजांनी खरंच देवळं पाडली होती का? हो, पाडली. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालयही होतं. काही पालकांना वाटतं चर्चच्या हॉलमध्ये हे कशाला, मला वाटतं तिथेच सांगावं, घरच्यांकडून ऐकलेलं बरं, नाहीतर पोरं मोबाईलवर ऐकणारच आहेत आणि तिथे कोण कसं सांगेल त्याचा नेम नाही.

शिक्षक ऐकत असतील तर एक करा, पोरांना घेऊन ठाण्यात पायी फिरा. १८५३ ला जिथे पहिली रेल्वे आली ते स्टेशन, मासुंदा तलावाकाठचं चर्च, तिथून जवळच कोपिनेश्वराचं देऊळ, मग सिनेगॉग, आणि पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, जो आता जेल आहे, तो अर्थात बाहेरूनच. एका सकाळी होतं सगळं. फक्त पावसाळा संपल्यावर न्या, पालकांकडून फॉर्म भरून घ्या, आणि तलावपाळीला आईस्क्रीमची गाडी दिसायच्या आत सगळं शिकवून मोकळे व्हा.