उजनीचा तळ पाहावा तो उन्हाळ्यात

मे महिना. भिगवणजवळचा उजनी धरणाचा फुगवटा. भीमेचं पाणी पार मागे हटलंय. दिवाळीत जिथे होड्या चालतात, तिथे भेगाळलेली काळी माती उघडी पडली आहे. अनोळखी धरणावर गळ टाकायला येणारे बहुतेक जण हा महिना टाळतात. पण जागा हेरायला याच्याइतका चांगला महिना नाही.

११७ टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून जास्त साठा मृतसाठा आहे, म्हणजे वापराच्या हिशोबात न धरलेलं तळचं पाणी. सोलापूरकडे उन्हाळ्यात विचारतात, ‘उजनी उणे किती?’ धरण उण्यात गेलं, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, की बुडालेला मुलूख वर येतो: पळसदेवचं जुनं देऊळ, शेतांचे बांध, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं. पाणी भरलं की हाच माशांचा आडोसा. फिरत फिरत एकेका जागेची मोबाइलवर खूण करून ठेवायची.

आता इथे, पायाखाली बघा. ताटाएवढे गोल खड्डे, एकाला लागून एक. ही चिलापी माशाची घरटी. नर तोंडाने चिखल उकरून ती करतो, आणि मग त्या खड्ड्यावरून दुसऱ्या नराला हुसकावत राहतो. पाण्याची कड या उंचीपाशी आली की चिलापी इथेच शोधायची, काठाला, उथळात.

कटल्याचं तसं नाही. तो वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून खोली कळल्याशिवाय तरंगा कुठे बांधायचा ते ठरत नाही. दोरीला शिसं बांधा, हातहातावर गाठी मारा, सोडा आणि मोजा. हिवाळ्यात रोहित पक्षीही मदत करतात. ते पाय रोवून उभे असतील, तिथे पाणी उथळच. पाणकावळे जिथे सारख्या बुड्या मारतात, तिथे बारीक मासळी आहे.

आणि काठावरच्या मच्छीमारांना भेटल्याशिवाय गळ काढूच नका. इथली मासळी त्यांची रोजीरोटी आहे. परवाना कुणाकडून घ्यायचा, ते आधी विचारा. मग मासे कुठे आहेत ते नको, जाळं कुठे अडकतं ते विचारा. जाळं अडकतं तिथे खाली खोड असतं, नाहीतर पडकी विहीर. जाळ्याला ती जागा नकोशी, म्हणून मासा तिथे निवांत राहतो. गळ त्या अडचणीच्या मधोमध टाकू नका, कडेला सोडा. वाम असेल तर अंधार पडल्यावर बाहेर येईल.